चार बोटांची जागा

मैत्रिणींनो, तुमच्या घरात अबोला कशावरून धरला जातो? आमच्याकडे गेल्या गणपतीनंतर बापलेकांत चांगला पंधरा दिवस अबोला होता आणि तो चार बोटं जागेवरून! ही जागा वाडीच्या बांधाची नव्हती की घराच्या भिंतीची नव्हती. गाडीचं चाक आणि त्यावरचं मडगार्ड यांच्यामध्ये जी मोकळी फट असते ना, ती ही जागा.

आमचं घर रेवदंड्याचं. पुढे घर, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीपलीकडे समुद्राची गाज. मामंजींनी १९७८ साली गाडी घेतली. कागदावर तिचं नाव प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जन्मलेली; पण घरीदारी सगळे तिला फियाटच म्हणत. त्या काळी आज पैसे दिले आणि उद्या गाडी दारात, असं नव्हतं. नंबर लागायला वर्षंच्या वर्षं वाट पाहावी लागे. त्यामुळे मामंजींचा तिच्यावर फार जीव. तिचा गिअर हँडलपाशी, पुढची बैठक बाकासारखी सलग. लग्नानंतर मी गाडी शिकले ती तिच्यावरच, चौलच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या वाड्यांच्या कुंपणांना जपत जपत.

मामंजी गेले आणि गाडी ह्यांच्या नावावर झाली. आमचे चिरंजीव पुण्याला नोकरी करतात. गणपतीला घरी आले आणि आरती आटोपताच त्यांनी मोबाइलवर एक चित्र माझ्यापुढे धरलं. तशीच फियाट, पण जमिनीला टेकल्यासारखी बसलेली, रुंद टायर आणि चांदीसारखी चमकणारी अलॉयची चाकं.

"आई, आपली गाडी बघ आणि ही बघ. आपली कशी, साडी वर खोचून चिखलातून चाललेल्या बाईसारखी दिसते! चार बोटं खाली घेतली ना, तर रुबाब येईल."

मला हसू आलं, पण हे उसळलेच. "बाबांच्या गाडीला हात लावायचा नाही!" झालं. तिथून जो अबोला सुरू झाला, तो मुलगा पुण्याला गेल्यावर फोनवरही चालूच. "आई, बाबांना सांग", "त्याला म्हणावं", असे निरोप पोचवता पोचवता माझा जीव मेटाकुटीला आला.

खरं सांगू? मी मनातून ह्यांच्याच बाजूची होते. असल्या नटव्या चाकांचं मला काय कौतुक! पण एकदा भाकरी थापताना हात थबकला. मी १९९२ साली या घरात सून म्हणून आले, तेव्हा स्वयंपाक खाली बसून होत असे. वर्षभरात माझी कंबर धरली. भीत भीतच मी उभ्या ओट्याचा विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "उभ्याने कुठे रांधतात का बाई?" त्यांच्या सासूबाईंच्या हातचं ते स्वयंपाकघर होतं ना! दोन दिवसांनी मामंजी गवंड्याला घेऊन आले. मला भिंतीशी उभं केलं, जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत दोरी धरली आणि गवंड्याला म्हणाले, "रांधणार ही, तेव्हा माप हिचं." त्या ओट्याने मला हे घर आपलं वाटायला लावलं. मग ज्या घरात मी एक उंची बदलून घेतली, तिथे माझ्या मुलाला कुठल्या तोंडाने सांगू, की आजोबांच्या वस्तूची उंची बदलायची नाही?

शेवटी मीच तोड काढली. "आधी जाणत्या माणसाला विचारू. तो सांगेल ते दोघांनी ऐकायचं." दिवाळीच्या आधी मुलगा आला, आणि मी, तो आणि फियाट असे तिघं अलिबागला मेस्त्रींकडे गेलो. हे आले नाहीत.

सतरा किलोमीटरच्या वाटेत चिरंजीवांनी मला या हौसेचा इतिहास ऐकवला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लॉस एंजेलिसकडच्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या गाड्या अशा बुटक्या करायला सुरुवात केली. आधी म्हणे डिक्कीत वाळूची पोती भरत, मग स्प्रिंगा कापू लागले. कॅलिफोर्निया सरकारने १९५८ साली त्याविरुद्ध कायदा केला, तर १९५९ साली एका पठ्ठ्याने बटण दाबताच गाडी खालीवर होईल अशी यंत्रणाच बसवली! मी म्हटलं, "अरे, मग तुझे आजोबा त्यांच्याच पंथातले. नारळांची पोती भरली की आपलीही गाडी अशीच बसायची!" किती दिवसांनी पोरगा मोकळेपणी हसला.

मेस्त्री वयस्क माणूस, फियाटी खोलण्यात हयात गेलेली. आमचं ऐकून त्यांनी चाकावरच्या फटीत आपली चार बोटं घातली. म्हणाले, "वहिनी, ही जागा रिकामी दिसते, पण ती रिकामी नाही. खड्डा आला की चाक याच जागेत वर येतं. ते आलं नाही, तर हिसका बसतो गाडीच्या अंगाला आणि तुमच्या पाठीला."

मग त्यांनी सगळं नीट उलगडून सांगितलं. पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे कमानीसारखे पाटे. गाडी खाली घ्यायची म्हणून काही जण पुढच्या स्प्रिंगेचा वेढा कापतात. कापलेली स्प्रिंग ताठर होते आणि तिला खालीवर व्हायला जागाही कमी उरते. कोणी ती तापवून बसवतात; तिचा पोलादी कसच जातो. मागे पाट्याचं एक पान काढतात किंवा कमान सपाट करतात. मग मागे तीन माणसं बसली, की प्रत्येक गतिरोधकाला पाटा वरच्या रबरी ठोकळ्यावर आदळतो. रुंद चाक बाहेर आलं तर टायर मडगार्डला घासतं आणि बेअरिंगवर जादा भार येतो. "करायचंच तर त्या मापाच्या तयार स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअब घ्यावेत, कापाकापी नको," ते म्हणाले. "पण आधी पोट बघू हिचं."

गाडी वर चढवली, चाकं काढली. मेस्त्रींनी बॅटरी धरली आणि मागच्या डाव्या पाट्याचं टोक जिथे गाडीच्या अंगाला धरलेलं असतं, तिथे पेचकस टेकवला. बायांनो, तो पेचकस शिळ्या पापडात जावा तसा आत गेला! बाहेरून काळा रंग, आत नुसता गंज. समुद्राची खारी हवा इतकी वर्षं पत्रा खात बसली होती. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, अंगाचा पत्राच सगळा भार पेलतो. मेस्त्री हळूच म्हणाले, "वहिनी, पाटा इथून सुटला असता तर मागचा कणाच सरकला असता."

मी तिथल्या बाकड्यावर मटकन बसले. तीनच आठवड्यांपूर्वी रात्री अकराला सासूबाईंच्या छातीत दुखू लागलं. हे बाहेरगावी होते. याच गाडीत त्यांना मागे निजवून मी अंधारात अलिबागला दवाखान्यात नेलं होतं. पित्ताचं दुखणं निघालं, म्हणून देवाचे आभार मानले होते. आभार आणखी कशाकशाचे मानायला हवे होते, ते आता कळलं.

मुलाने स्वतःच बाबांना फोन लावला. हे तासाभरात पोचले. बापलेक गाडीखाली शिरले, बाहेर आले तेव्हा दोघांचे चेहरे उतरलेले. हे म्हणाले, "हात लावायचा नाही, हात लावायचा नाही, असं म्हणत मी कधी खाली वाकून पाहिलंच नाही." मुलगा काही बोलला नाही. चाकांसाठी साठवलेले पैसे त्याने कुजका पत्रा कापून नवा जोडायला दिले.

मग कायद्याचंही त्यांनी मिळून वाचलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याने दिलेल्या मूळ रूपात मनाला येईल तसा बदल करता येत नाही; २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. आमच्या फियाटीची पन्नाशी २०२८ ला भरते.

उंचीचा निकाल मात्र कायद्याने लागला नाही. दिवाळीत एकदा पाहते, तो चिरंजीव हातात टेप घेऊन आजीपुढे उकिडवे बसलेले. आधी तिच्या गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं, मग गाडीच्या बैठकीचं. ओट्याची गोष्ट मी त्याला वाटेत सांगितली होती. "आई, खाली घेतली तर आजीला उठता येणार नाही," एवढंच म्हणाला. गाडी होती तेवढ्याच उंचीवर राहिली. अलॉयची चाकं आली, पण मूळच्याच चौदा इंची मापाची, आणि ती ह्यांनी घेऊन दिली! जुनी चाकं तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहेत.

तुमच्या दारी जुनी गाडी असेल तर एवढं करा. समुद्राकाठी राहत असाल तर तिचं पोट अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा. पावसाळा संपला की पाटे नि स्प्रिंगा जिथे धरलेल्या असतात त्या जागा मेस्त्रीकडून ठोकून पाहा; नुसत्या रंगावर जाऊ नका. मुलांना काही बदलायचं असेल तर स्प्रिंगा कापू देऊ नका, आणि आधी आरटीओत व विमावाल्यांकडे विचारून घ्या. पण त्यांना एकदम 'हात लावू नकोस' असंही म्हणू नका. त्याने हौस केली नसती, तर आम्ही चाकं कधी काढली असती?

परवा सासूबाईंना दत्ताच्या डोंगराच्या पायथ्याशी घेऊन गेलो. गाडीत बसताना त्या थबकल्या, चमचमत्या चाकाकडे पाहिलं. "हे काय रे, चाकांना कल्हई केलीस की काय?" मग दाराला धरून अलगद आत बसल्या आणि म्हणाल्या, "बैठक होती तेवढीच ठेवलीस, बरं केलंस हो."