आजीच्या ओव्या आणि माळ्यावरचा संगणक

"फोन भरलाय, काहीतरी पुसा," असं मोबाईल सांगायला लागला की आमच्या घरी भांडण ठरलेलं. लेक म्हणायची, "माझे फोटो नकोत." हे म्हणायचे, "ऑफिसचे कागद नकोत." मग शेवटी सगळ्यांची नजर जायची ती आईंच्या ओव्यांवर.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर आणि सासर दोन्ही सांगली जिल्ह्यातलं. वय ऐंशीच्या पुढे, आता आमच्याकडे बेंगळुरूत असतात. लहानपणी पहाटे जात्यावर बसून कानावर पडलेल्या ओव्या त्या भाजी निवडतानाही गुणगुणतात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात, हे कळल्यावर मला वाटलं, आपल्या घरातल्या तरी आपण जपाव्यात. म्हणून मी त्या फोनवर रेकॉर्ड करायला लागले.

पण ठेवायच्या कुठे? १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट जागा बंद झाली. आता एका खात्याला १५ जीबी, आणि त्यातच मेलही. दर महिन्याला पैसे भरत राहायचं, नाहीतर आपली सोय आपण करायची.

सोय माळ्यावर होती. २०१२ साली घेतलेला सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला होता. आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम. आजच्या खेळांसाठी निकामी, पण फाईली सांभाळायला तेवढं पुरतं. मी संगणकातली नाही, शाळेत शिकवते. पण लेक नववीत आहे आणि तिला स्क्रू उघडायची भारी हौस. आम्ही दोघींनी तो खाली काढला.

आधी ब्रशने धूळ काढली. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसले. चालू केला तर तारीख भलतीच. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, सीआर २०३२ नावाचा. किराणा दुकानातही मिळतो. तो बदलला आणि घड्याळ ताळ्यावर आलं.

मग चिक्कपेटे मेट्रो स्थानकावर उतरून सदर पत्रप्पा रोडला गेलो. बेंगळुरूत सगळे त्याला एस. पी. रोड म्हणतात. वायरी, पंखे, चार्जर, सुटे भाग यांची एकाला एक लागून दुकानं. मी स्वस्तातली जुनी हार्ड डिस्क मागितली, तर दुकानदार काकांनी मान हलवली. "हळेदु बेड, होसदु तगोळ्ळि." जुनी नको, नवी घ्या. त्यांचं म्हणणं खरं होतं. बाकी सगळं जुनं चालतं, बिघडलं तर बदलता येतं. डिस्क बिघडली तर तिच्यातलं सगळं तिच्याबरोबर जातं. म्हणून चार टीबीच्या दोन नव्या डिस्क घेतल्या. खरा खर्च तेवढाच.

त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही मोफत प्रणाली टाकली. ती डेबियन लिनक्सवर चालते. दोन्ही डिस्क आरशासारख्या जोडल्या, म्हणजे एकीवर जे लिहिलं जाईल ते दुसरीवरही. जागा आठ नाही, चारच टीबी मिळते, पण एक डिस्क मेली तरी दुसरी हजर. घरच्या वायफायवरून सगळ्यांचे फोन त्याला जोडले. करंट अचानक गेला तर अर्धवट लिहिलेली फाईल बिघडू नये म्हणून जुना यूपीएस नवी बॅटरी घालून लावला.

विजेचा हिशेबही केला. आमचं यंत्र साधारण ५० वॉट घेतं. दिवसरात्र चालवलं तर महिन्याला ३६ युनिट. संध्याकाळी फक्त चार तास चालवलं तर सहा युनिट. आम्ही संध्याकाळ निवडली.

सगळ्या ओव्या त्यावर नेल्या आणि फोनमधून पुसल्या. दिवाळीला सांगलीहून भाऊजी आले होते. त्यांना ऐकायला म्हणून त्यांच्या पोर्टेबल डिस्कवर एक प्रत करून दिली. तेव्हा ती केवळ हौस होती.

संक्रांतीनंतर एका रविवारी मी लॅपटॉपवरून फोल्डर आवरायला बसले. एकाच नावाचे दोन दिसले. एक जादाचा समजून पुसला. पुसला तो खरा होता. लॅपटॉपच्या कचरापेटीत पाहिलं तर काही नाही, कारण नेटवर्कवरची फाईल तिथे येतच नाही. दुसऱ्या डिस्कवर पाहिलं, तिथेही नाही. आरसा तो! मी इकडे पुसलं, त्याने तिकडेही इमानदारीने पुसलं. डिस्क मेली तर आरसा वाचवतो. आपल्या हातून चूक झाली तर नाही वाचवत. हे मी आधी वाचलं होतं, पण समजलं त्या दिवशी.

भाऊजींची डिस्क कुरिअरने आली. दिवाळीपर्यंतचं सगळं परत मिळालं. दिवाळीनंतर रेकॉर्ड केलेल्या अकरा ओव्या गेल्या.

आईंना सांगायची लाज वाटत होती. त्या म्हणाल्या, "अगं, त्यात काय! परत म्हणते की." आणि बसल्या. नऊ ओव्या आठवल्या. दोन नाही आठवल्या. चाल आठवत होती, शब्द येईनात. चार-पाच दिवस त्या मधूनच थांबून ओठ हलवून बघायच्या. मग एकदा म्हणाल्या, "जाऊ दे, दळण सरलं त्यांचं."

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. पुसलेली फाईल ३० दिवस वेगळ्या फोल्डरमध्ये राहील अशी सोय यंत्रातच होती, ती सुरू केली. तिसरी प्रत सांगलीला कायमची ठेवली. दर दिवाळीला आणि गणपतीला ती ताजी करायची, हे घराण्याचं काम ठरलं. आणि यंत्र कसं चालू करायचं, पासवर्ड कोणता, ओव्या कुठे आहेत, हे सगळं मराठीत एका वहीत लिहून ती कपाटात ठेवली. उद्या मी नसले तरी कुणाला तरी ते उघडता आलं पाहिजे.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा सीपीयू असेल, तर जरूर खाली काढा. पण त्याच्या भरवशावर फोनमधलं काही पुसण्याआधी एक प्रत दुसऱ्या घरी पोचवा.

परवा संध्याकाळी यंत्र सुरू झालं, तेव्हा लेक आजीजवळ फोन धरून बसली होती. "आजी, ती चाल नुसती गुणगुण ना. शब्द नसले तरी चालेल." आईंनी डोळे मिटून दोन्ही चाली गुणगुणल्या. त्या फाईलींना लेकीने नाव दिलंय, 'शब्द आठवल्यावर भरायचे'.