ऐकू येणे आणि उमजणे

डोळ्यांना कमी दिसू लागले की माणूस निःसंकोचपणे चष्मा लावतो. त्याबद्दल त्याला कोणी हसत नाही. कानांचे मात्र तसे नाही. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या उणिवेची कोणतीच खूण नसते. त्यामुळे तो एक विचारले असता दुसरेच उत्तर देऊ लागला, की लोक त्याला विसराळू म्हणतात, हेकट म्हणतात, प्रसंगी त्याची थट्टाही करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, साठी ओलांडलेल्या माणसांपैकी पंचवीस टक्क्यांहून अधिक लोकांचे श्रवण त्यांच्या नित्य व्यवहारात अडथळा यावा इतके मंदावलेले असते. म्हणजे हे दुःख एखाददुसऱ्या घरचे नव्हे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यात तिसगाव हे बाजारपेठेचे गाव आहे. जवळच मढी येथे कानिफनाथांची समाधी असून रंगपंचमीला तेथे मोठी यात्रा भरते. कानिफनाथांचा जन्म हत्तीच्या कानातून झाला, अशी कथा त्या भागात मोठ्या भक्तिभावाने सांगितली जाते. अशा या परिसरातील एका शेतकऱ्याच्या घरी सत्तरी ओलांडलेले आबा राहतात. पूर्वी पारावरच्या गप्पांत त्यांचा शब्द पुढे असे. पुढे पुढे ते नुसते बसू लागले. इतर हसले की हसायचे, इतर उठले की उठायचे. मग त्यांनी पारावर जाणेही सोडले. घरात त्यांच्याशी सारे ओरडून बोलू लागले, आणि ते म्हणू लागले, “ओरडता कशाला? मला आवाज येतो. पण बोलणं कळत नाही.”

आबांचे हे बोलणे अक्षरशः खरे होते. कानाच्या आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे संदेश त्या मेंदूकडे पोचवितात. त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच स्वर टिपतात, आणि वयोमानाने बहुधा त्याच आधी झिजतात. ‘आ’, ‘ओ’ यांसारखे स्वर खालच्या पट्टीतले व जोरकस असतात. ते ऐकू येतात. ‘स’, ‘त’, ‘क’ यांसारखी व्यंजने मात्र निसटतात. त्यामुळे ‘ताट’, ‘काठ’, ‘पाठ’ आणि ‘साठ’ हे चारही शब्द वृद्धाच्या कानी जवळजवळ सारखेच पडतात. ओरडल्याने स्वर अधिक मोठे होतात. हरवलेले व्यंजन काही परत येत नाही.

आबांसाठी श्रवणयंत्र घ्यावे, असे अखेर घरात ठरले. मुलाने एका जाहिरातीत कानात लपून जाणारे चिमुकले यंत्र पाहिले होते. घरबसल्या मागवावे आणि कानात घालावे, इतके ते सोपे वाटत होते. परंतु सातवीत शिकणाऱ्या नातीने शाळेत दृष्टितपासणी पाहिली होती. ती म्हणाली, “बाबा, डोळे तपासल्याशिवाय चष्मा घेत नाहीत. मग कान तपासल्याशिवाय यंत्र कसं घ्यायचं?” तिचे म्हणणे सर्वांना पटले.

शहरातील श्रवणतज्ज्ञ बाईंनी प्रथम कानात मळ साठला आहे काय, ते पाहिले. नंतर आवाजरहित खोलीत आबांना बसवून निरनिराळ्या पट्ट्यांतील ध्वनी ऐकविले आणि दोन्ही कानांचे आलेख काढले. मग त्यांनी कोणतेही यंत्र न दाखविता विचारले, “आबा, तुम्हांला कुणाचं बोलणं ऐकायचं आहे?”

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पुण्याचा नातू रविवारी फोन करतो, त्याचं. देवळात कीर्तन असतं, ते. आणि...” शेजारी बसलेल्या आजींकडे पाहून ते म्हणाले, “हिचं. दोन वर्षं झाली, हिचे नुसते ओठ हलताना दिसतात.” आजींनी मान खाली घातली.

या उत्तराने निवडीला दिशा मिळाली. नातवाच्या फोनासाठी बिनतारी यंत्र उपयोगी होते. अशा यंत्रांत बहुधा ‘ब्लूटूथ’ नावाची योजना असते. सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपने असलेल्या रेडिओलहरींवरून ती फोनातील आवाज थेट दोन्ही कानांतील यंत्रांत पोचविते. दहाव्या शतकात होऊन गेलेल्या हाराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाचे नाव या योजनेला दिले आहे. त्याने विखुरलेले लोक एकत्र आणले. ही योजना निरनिराळी यंत्रे जोडते. तथापि, प्रत्येक यंत्र प्रत्येक फोनाशी जुळतेच असे नाही. आबांचा फोन साधा, बटणांचा. म्हणून नातीने आईच्या फोनाचे नाव लिहून दिले आणि ते यंत्र त्याच्याशी जुळते, याची बाईंकडून खात्री करून घेतली.

कीर्तनासाठी आणखी एक बिनतारी साधन होते. कीर्तनकारांच्या अंगरख्याला एक छोटा ध्वनिग्राहक अडकविला, की त्यांचा आवाज गर्दी ओलांडून आबांच्या कानांत उतरला असता. बोलणारा दूर असेल, तर नुसत्या यंत्रापेक्षा हे साधन फार उपकारक ठरते. पण त्याचे मूल्य वेगळे द्यावे लागणार होते. आबा म्हणाले, “ते राहू द्या. मी कीर्तनात पुढं जाऊन बसेन.”

किंमत हा प्रश्न लहान नव्हता. २०१७ साली केंद्र शासनाने गरीब ज्येष्ठ नागरिकांना श्रवणयंत्रासारखी साधने देण्याची राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणून पासष्ट वर्षांवरील गरजू व्यक्तींना अशा साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये देण्याचे ठरविले. बिनतारी यंत्रांच्या जोडीला मात्र याच्या कित्येक पट रक्कम लागते. “कानांसाठी बियाण्याचा पैसा मोडू नका,” असे आबांनी निक्षून सांगितले. मुलगा म्हणाला, “आबा, तुम्ही बोलायचं सोडलंत, तेव्हापासून शेतीचा सल्ला कुणाला विचारावा, हेच कळत नाही मला.” आबांना यावर उत्तर देता आले नाही.

उरला आकाराचा प्रश्न. यंत्र कोणाला दिसू नये, असे आबांनाही मनातून वाटत होते. बाईंनी चिमुकले यंत्र त्यांच्या तळहातावर ठेवले. आयुष्यभर औत धरलेल्या त्या जाड बोटांना ते उचलता येईना. शिवाय इतक्या लहान यंत्रात बिनतारी योजनेला बहुधा जागाच उरत नाही. शेवटी कानामागे बसणारी, रात्री विजेवर भारून ठेवावयाची जोडी ठरली. त्यामुळे इवलेसे सेल बदलण्याची कटकटही टळली. विकत घेण्यापूर्वी ती काही दिवस घरी वापरून पाहण्याची सवलत मिळाली.

पहिले दिवस कठीण गेले. भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, कागदाची सळसळ, सारेच अंगावर येऊ लागले. आबांनी यंत्रे काढून फडताळात ठेवली. अनेक घरी या गोष्टीचा शेवट येथेच होतो. परंतु विसरलेले आवाज पुन्हा ओळखण्यास मेंदूला काही आठवडे लागतात, हे बाईंनी सांगून ठेवले होते. म्हणून नात रोज एक तास आबांसमोर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागली. हळूहळू एका तासाचे तीन तास झाले.

एका रविवारी पुण्याहून फोन आला. नातवाचा आवाज दोन्ही कानांत स्वच्छ उमटला. आबांनी त्याला परीक्षेविषयी विचारले, आणि उत्तर ऐकून पुढचा प्रश्नही विचारला. जोडी परत करण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आजींचे बोलणे ऐकण्यास मात्र रेडिओलहरींची गरज नव्हती. चुलीकडे तोंड करून बोललेले शब्द यंत्र लावूनही आबांना नीट उमजत नसत. तेव्हा आजींनी आपली सवय बदलली. त्या हातातले काम थांबवून, आबांसमोर येऊन, सावकाश बोलू लागल्या. उत्तम यंत्र आवाज कानापर्यंत आणून सोडते. तेथून पुढे ऐकणाऱ्याने धीर धरावा लागतो, आणि बोलणाऱ्याने त्याच्याकडे तोंड वळवावे लागते. हे दुसरे काम तर घरातले सर्वांत लहान मूलही करू शकते, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.