वाकडे अंडे

सुटीत उत्तनजवळच्या चौक गावी राहिलो असता शेजारच्या मावशींनी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेविली. त्यांत एक वाकडे, सुरकुतलेले होते. "कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून ओलावा उडत असतो, सदोष कवचातून तो प्रमाणाबाहेर जातो नि पिलू आतच मरते," मी पांडित्य केले. "तडा नाही ना, मास्तर? मग राहू द्या," मावशी म्हणाल्या.

२१व्या दिवशी त्या वाकड्या कवचातून चोच डोकावली. दोन गुळगुळीत अंडी मात्र नासकी निघाली.

गेली ३० वर्षे मी उत्तरपत्रिका तपाशीत आलो आहे. नुसते गिचमिड अक्षर पाहून किती जणांना ऊब नाकारली असेन, याचा हिशेब आता कोणाला देऊ?