माळशेजच्या पलीकडे

जुलैच्या धो धो पावसात कॅम्प पाचहून मोटरसायकलवर निघालो. अंबरनाथ, बदलापूर, बारवी धरणाच्या कडेने मुरबाड. रेनकोट असून नसल्यासारखा. माळशेज घाटात ढगात शिरलो आणि दहा फुटांपलीकडचं दिसेना. तेवढ्यात मागे बसलेला मित्र म्हणाला, "अरे, घर विकतोय आम्ही." त्याचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून येऊन इथल्या लष्करी बराकीत राहिलेले. मला काही सुचेना; धुक्यात गाडी सांभाळायची होती, ते बरंच झालं.

ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. पिंपळगाव जोग्याचं पाणी मागे पडलं, ओतूर आलं, तर रस्ता कोरडा, ऊन लख्ख. चहा पिताना तो म्हणाला, "आजोबा सांगायचे, सिंधला पाऊस असाच, नावापुरता." मग सीटवर वाळत घातलेले मोजे उलटवायला उठला.