उठला, पण जागा झाला नाही

“दादा, हा उठतो, पण जागा होत नाही.”

मुंबईतल्या माहुलच्या कॉलनीतली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवत म्हणाली. लॅपटॉप दुरुस्तीत वीस वर्षं काढली, पण या बिघाडाचं इतकं नेमकं वर्णन मला कधी सुचलं नव्हतं. रात्री झाकण लावलं की लॅपटॉप हायबरनेट व्हायचा. सकाळी बटण दाबलं की पंखा फिरायचा, कंपनीचा लोगो यायचा, त्याखाली ठिपक्यांचं चक्र गरगरायचं आणि मधेच थांबायचं. कधी त्याच्या पुढे जाऊन डेस्कटॉप दिसायचा, पण तोही भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा. बाण हलत नाही, कळा चालत नाहीत. मग बटण दहा सेकंद दाबून धरायचं, नव्याने सुरू करायचं आणि रात्री उघडं ठेवलेलं सगळं विसरायचं. नव्याने सुरू केला की मात्र दिवसभर शहाण्यासारखा चालायचा.

“मग चालूच ठेवत जा की,” असं तिला सांगण्यात अर्थ नव्हता. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्या हटवल्यावर 2017 पासून जी कुटुंबं इथल्या सात मजली इमारतींत आली, त्यांतलं तिचं एक. घर सव्वादोनशे चौरस फुटांचं. रात्री अंथरुणं घालायची तर टेबल दुमडावं लागतं आणि लॅपटॉप फ्रिजच्या डोक्यावर जातो. तिथे तो बंद पडून राहिलेलाच बरा, आणि सकाळी उघडल्यावर काम होतं तिथूनच पुढे चालू झालेलं बरं. हायबरनेट नावाची सोय नेमकी अशा घरांसाठी आहे.

स्लीप आणि हायबरनेट यांत लोक गल्लत करतात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 1996 च्या डिसेंबरमध्ये वीज वाचवण्याचं एक मानक जाहीर केलं, एसीपीआय. त्यात झोपेचे दर्जे ठरले. एस3 म्हणजे स्लीप. बाकी सगळं बंद, पण रॅमला थोडी वीज चालू, म्हणून आठवण शाबूत. एस4 म्हणजे हायबरनेट. यात रॅममधलं सगळं डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरवायचं आणि वीज पूर्ण तोडायची. विंडोजमध्ये त्या फाइलचं नाव हायबरफिल डॉट सिस. विंडोज 10 मध्ये तिला सहसा रॅमच्या 40 टक्के जागा दिलेली असते, कारण माल दाबून भरतात. (आता नव्या लॅपटॉपांत एस3 जाऊन मॉडर्न स्टँडबाय नावाचं मोबाइलसारखं अर्धवट जागरण आलंय. पिशवीतून काढलेला लॅपटॉप हाताला चटका देतो तो त्याच्यामुळे, पण ते प्रकरण वेगळं.)

गिऱ्हाइकाला समजावताना मी टेम्पोचं उदाहरण देतो, कारण घरसामान हलवणारा टेम्पो कॉलनीतल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. हायबरनेट म्हणजे अख्खं घर बांधून टेम्पोत भरायचं. कुठली बरणी कुठल्या फळीवर होती याची नोंद ठेवायची आणि सकाळी सगळं जिथल्या तिथे परत लावायचं. लावताना दोन ठिकाणी घोळ होतो. एक, टेम्पोच गळका असतो, वाटेत काही भिजतं. दुसरं, सामान जागेवर लागतं, पण घरातली माणसं अजून डोळे चोळत असतात. ही माणसं म्हणजे स्क्रीन, वायफाय, डिस्क, टचपॅड. रात्रभर त्यांची वीज तोडलेली असते, त्यामुळे त्यांना काहीच आठवत नाही. प्रत्येकाला हलवून उठवायचं काम त्याच्या त्याच्या ड्रायव्हरचं. एखादा ड्रायव्हर ‘आमचा माणूस जागाच आहे’ असं धरून चालला की तो उत्तराची वाट बघत बसतो आणि त्याच्यामागे सगळी रांग अडते. त्यालाच आपण हँग म्हणतो.

म्हणून माझ्याकडे असा लॅपटॉप आला की मी पहिल्यांदा कॅप्स लॉक दाबतो. त्या कळेवरचा छोटा दिवा पेटला-विझला तर आत जीव आहे, फक्त तोंड बंद आहे. संशय डिस्प्लेच्या ड्रायव्हरवर. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबायच्या. डिस्प्लेचा ड्रायव्हर तेवढ्यापुरता नव्याने सुरू होतो, आणि कित्येकदा ठप्प झालेली स्क्रीन एकदा काळी होऊन परत येते. दिवा ढिम्म राहिला तर दुखणं खोल आहे. या चाचणीला खर्च शून्य आणि वेळ दोन सेकंद. तरी मी पाहिलेत त्यांतले बहुतेक दुरुस्तीवाले ती करत नाहीत. ते फॉरमॅट मारतात. ताप कशाचा हे न बघता सलाईन लावणारा डॉक्टर लोकांना आवडतो, तसा फॉरमॅट मारणाराही आवडतो.

इव्हेंट व्ह्यूअर उघडून आलेले हुशार गिऱ्हाईकही असतात. ‘कर्नल-पॉवर 41’ अशी लाल नोंद दाखवून ते म्हणतात, पॉवरचा प्रॉब्लेम आहे, बॅटरी बदला. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. म्हणजे तुम्ही बटण दाबून धरलंत तो तुमचाच अंगठा तिथे नोंदला गेलाय. खरा गुन्हेगार त्याच्या आधीच्या पाच-दहा ओळींत शोधायचा असतो.

12 ऑक्टोबर 2020 ची आठवण सांगतो. सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या. घरून काम करण्याचे दिवस. वायफायचा राउटर मेला तरी लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिले, आणि बॅटरी 5 टक्क्यांच्या आसपास आली तशी एकामागून एक हायबरनेट झाले, कारण बहुतेक लॅपटॉपांत ती सोय आधीपासून तशीच लावलेली असते. ज्यांनी जन्मात हायबरनेट केलं नव्हतं त्यांचेही लॅपटॉप त्या दिवशी झोपले. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे रांग. एका हिशेबनीसाच्या लॅपटॉपवर तर वीज आल्यानंतरही घड्याळ 11:42 वरच अडकलेलं. कॅप्स लॉक ढिम्म.

त्याचा उलगडा व्हायला दोन दिवस गेले. आधी सगळे डोंगल, प्रिंटरची वायर, पेनड्राइव्ह काढले. फरक नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकेक भाग बंद करून हायबरनेट करत गेलो. प्रत्येक वेळी तीनदा झोपवायचं आणि तीनदा उठवायचं, कारण एकदा उठला म्हणजे बरा झाला असं नसतं. वायफाय बंद केल्यावर तीनपैकी तीनदा उठला. चालू केल्यावर तीनपैकी दोनदा मेला. विंडोजच्या अपडेटने वायफायला नवा ड्रायव्हर बसवला होता. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचा जुना ड्रायव्हर टाकला आणि काम झालं. अशा वेळी नवं तेच चांगलं असं नसतं. त्या लॅपटॉपची चार्जरवरची आणि बॅटरीवरची वागणूकही वेगवेगळी होती. पॉवर ऑप्शन्समध्ये दोन्हींचे रकाने वेगळे असतात, आणि लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट नावाची एक ओळ बॅटरीच्या रकान्यात कंजूषपणे लावलेली असते. चार्जर लावून केलेल्या चाचणीत पास झालेला लॅपटॉप घरी जाऊन नापास होतो तो यामुळे.

“पण मी झोपवतच नाही, रोज शटडाऊन करतो,” असंही पुष्कळ जण सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाची चलाखी आहे: तुम्ही शटडाऊन करता तेव्हा तुमचे कार्यक्रम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर गुपचूप त्याच फाइलमध्ये हायबरनेट होतात. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री बंद होणारा लॅपटॉप तिथे एकोणीस दिवस जागा असलेला दिसतो. खरी आंघोळ फक्त रीस्टार्टने होते. म्हणून फोनवर मी पहिला सल्ला देतो तो ‘बंद करून चालू करा’ असा नसतो, ‘रीस्टार्ट करा’ असा असतो, आणि लोकांना दोन्ही एकच वाटतात.

आता त्या मुलीकडे येतो. तिच्या बाबतीत मी यातलं काहीच केलं नाही.

दिवाळीच्या आदला आठवडा होता, दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मी काळी खिडकी उघडली, हायबरनेट कायमचं बंद करणारी एका ओळीची आज्ञा दिली, एंटर मारलं. त्या आज्ञेने हायबरफिल डॉट सिस पुसली जाते, फास्ट स्टार्टअपही जातं. इंटरनेटवर याच बिघाडाला सर्रास हाच उपाय सांगतात. लॅपटॉप झटक्यात सुरू झाला. मी तीनशे रुपये घेतले, तिला म्हटलं रात्री शटडाऊन करत जा. ती खूश, मीही खूश.

तीन आठवड्यांनी ती परत आली. लॅपटॉप सुरूच होत नव्हता, आणि तिचा प्रोजेक्ट त्यातच होता.

तो सेकंड हँड लॅपटॉप होता, आत फिरणारी जुनी हार्ड डिस्क. बाहेर काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि डिस्कची स्वतःची आरोग्यनोंद वाचली. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या रकान्यात शून्य हवं असतं. तिथे तीन आकडी संख्या होती. म्हणजे तितक्या जागा डिस्कला वाचताच येत नव्हत्या. मग सगळं लख्ख दिसलं. ती मोठी हायबरनेटची फाइल डिस्कच्या नेमक्या किडलेल्या भागावर पसरलेली होती. एरवी त्या भागाकडे कुणी फिरकत नव्हतं, म्हणून दिवसभर सगळं ठीक. सकाळी उठताना मात्र ती फाइल वाचावीच लागायची. डिस्क एकाच जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करायची, आणि ठिपके थांबायचे. टेम्पो गळका होता. मी टेम्पोच काढून टाकला, आणि रिकाम्या झालेल्या त्या कुजक्या जागेवर विंडोजने पुढच्या तीन आठवड्यांत नव्या फाइली लिहिल्या. तिच्या प्रोजेक्टमधल्या काही बहुधा त्यांतच गेल्या.

पहिल्या दिवशी लॅपटॉपच्या कडेचा डिस्कचा दिवा न लुकलुकता एकसारखा पेटलेला होता. मी तो पाहिला होता.

निम्माअधिक प्रोजेक्ट निघाला, तोही डिस्क चार रात्री सावकाश कॉपी करत ठेवून. नवी एसएसडी मी खरेदीच्या भावात बसवून दिली. मजुरी घ्यायला तोंड नव्हतं. तिने हायबरनेट पुन्हा चालू करून मागितलं. ते आजही चालू आहे.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. आधी डिस्कची नोंद, मग कॅप्स लॉक, मग बाकी. त्या बाकीत रॅम आलीच, आणि तिचं दुखणं कळायला आजूबाजूला बघावं लागतं. माहुलच्या एका अंगाला खाडी आहे आणि दुसऱ्या अंगाला 1954-55 पासून चालू असलेल्या रिफायनऱ्या. इथल्या आणि शेजारच्या आंबापाड्यातल्या हवेच्या प्रदूषणाबद्दल रहिवाशांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2015 मध्ये निकाल दिला. माझ्या टेबलावरच्या बिघाडाचं खापर मी त्या हवेवर फोडणार नाही; तांब्याला हिरवं करायला खाडीचा खारा दमट वारा पुरतो. रॅमची पट्टी काढली की तिच्या सोनेरी दातांवर पुष्कळदा मळकट थर दिसतो. त्याला महागडं रसायन लागत नाही, शाळेतलं पांढरं खोडरबर लागतं. हलक्या हाताने घासायचं, भुसा झटकायचा, पट्टी खट्ट आवाज येईपर्यंत बसवायची आणि रात्रभर मेमरीची चाचणी लावून ठेवायची. हायबरनेटमधून उठताना रॅम भराभर भरली जाते. तेवढ्यात एक दात जरी सुटला तरी सगळं ठप्प.

हायबरनेट कायमचं बंद करणं हा माझ्या मते उपाय नाही. तपासासाठी दोन दिवस बंद करा, जरूर करा; त्याने बिघाड गेला तर समजा की आत काहीतरी दडलंय आणि ते शोधायला घ्या. दुरुस्तीवाला पाच मिनिटांत ‘झालं’ म्हणाला तर त्याला विचारा, डिस्क तपासलीत का. आणि दुकानाची पायरी चढण्याआधी कामाच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. लॅपटॉप सुरू होतोय तोवरच ते जमतं.

येताना चार्जरही आणा. चाचणी दोन्ही प्रकारे करावी लागते, आणि निम्मे लोक तो घरीच विसरतात.