खून रोजचाच, तर पाप कसलं?

टोळीच्या म्होरक्याला कोणी ना कोणी उडवणार, हे प्रेक्षक तिकीट काढतानाच धरून चालतो. ‘मॅकबेथ’ गुन्हेगारी चित्रपटात न्यायचं म्हटलं की पहिली ठेच इथेच लागते. शेक्सपिअरचा डंकन राजा मॅकबेथच्या हातून मरतो तेव्हा भर दिवसा अंधार पडतो, त्याचे घोडे एकमेकांना फाडून खातात. रोज माणसं मारणाऱ्यांच्या जगात एका खुनाने आभाळ कोसळलं असं वाटायला लावायचं कसं?

ठाण्यात कोपरीला राहणारा एक पटकथालेखक सध्या या प्रश्नाशी झटतोय. मराठी रंगभूमीचा त्याला फारसा आधार मिळत नाही. शिरवाडकरांनी १९५४ साली ‘मॅकबेथ’चं रूपांतर केलं तेव्हा मुकुट थेट शीर्षकातच आला: ‘राजमुकुट’. दुर्गा खोटे त्यात होत्या. राजा राजाच राहिला की निम्मं काम आपोआप होतं. कुरोसावाच्या ‘मॅकबेथ’वरच्या १९५७च्या चित्रपटातही सरदार आणि किल्ला होताच.

म्हणून तो पुन्हा पुन्हा ‘मकबूल’कडे वळतो. विशाल भारद्वाज आणि अब्बास टायरवाला यांची ही पटकथा जानेवारी २००४मध्ये पडद्यावर आली. मुंबईतल्या टोळीचा प्रमुख जहांगीर खान तिथे सगळ्यांचा ‘अब्बाजी’ आहे. पंकज कपूर यांनी तो जड पावलांचा, घशातून घोगरं बोलणारा म्हातारा असा उभा केला, की त्याच्यापुढे खोलीतली माणसं आपोआप दबून वागतात. या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मकबूल त्याच्या हाताखाली मुलासारखा वाढलेला. घरात मुलीच्या लग्नाची गडबड आहे, आणि त्यातच मकबूल अब्बाजीला बिछान्यात मारतो. त्याच्या स्वतःच्या हाताला कितीही रक्त लागलेलं असो, हा खून बापाचा ठरतो. मुकुटाची जागा नात्याने भरून काढली.

मॅकबेथला भविष्य सांगणाऱ्या चेटकिणींचं तर सोनं झालं. ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह यांचे दोन इन्स्पेक्टर, पंडित आणि पुरोहित, भविष्य सांगतात. पंडित काचेवर बोटाने कुंडली मांडतो. पुढचा नंबर कोणाचा, हे मुंबईत पोलिसांइतकं कोणाला ठाऊक असणार! पण याची किंमतही मोजावी लागते. शेक्सपिअरच्या चेटकिणी बोलून नाहीशा होतात, आणि मॅकबेथ स्वतःहून बिघडला की बिघडवला गेला, हा घोळ शेवटपर्यंत सुटत नाही. हे इन्स्पेक्टर नुसते बोलत नाहीत, सोंगट्याही हलवतात. तेवढा मकबूलच्या माथ्यावरचा दोष हलका होतो.

दुसरा बदल याहून धाडसी आहे. तब्बूची निम्मी मकबूलची बायको नाही, अब्बाजीची रखेल आहे. त्यामुळे सत्तेच्या हावेत प्रेमाची आणि जिवाच्या भीतीची भर पडते. मूळ नाटकातलं एकमेकांना चिकटलेलं नवराबायकोचं जोडपं मात्र हातचं जातं. शिवाय तिच्या पोटातलं मूल कोणाचं, हा प्रश्न मकबूलला आतून पोखरतो. शेक्सपिअरच्या जोडप्याला मूलबाळ नाही. इथे मूलच शिक्षा होऊन येतं.

कोपरीच्या लेखकाला मुंबईची टोळी नको होती. त्याने राजा केला खाडीतल्या रेतीवाल्याला: रात्री सक्शन पंप, पहाटे डंपर, गणपतीत वस्तीभर जेवणावळ. चेटकिणींच्या भाकितातल्या बर्नामच्या जंगलाने मॅकबेथच्या गडापर्यंत चालत कसं यायचं, हे ‘मकबूल’ने समुद्रावर नेऊन सोडवलं होतं. इथे जंगल म्हणून ठाण्याच्या खाडीतली तिवरं आहेत. ऐरोली पुलापलीकडच्या पट्ट्याला २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा. २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची कत्तल हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरचा घाला ठरवला. लेखकाच्या पटकथेत रेतीवाल्याला मारून नवा मालक झालेला पोर राडारोडा टाकून तिवरं गाडतो, गोदाम बांधतो. मग उपग्रहाची जुनी छायाचित्रं न्यायालयात पोचतात आणि गाडलेलं जंगल कागदावरून त्याच्या दारात येतं.

घोडं अडलंय ते खुनाच्या जागेवर. डंकन पाहुणा म्हणून मॅकबेथच्या घरी झोपलेला असतो; पाहुण्याला मारणं हे तिथलं दुसरं पाप. रेतीवाला स्वतःचा बंगला सोडून पोराच्या टू-बीएचकेत मुक्कामाला का जाईल? एका मसुद्यात पावसाने रस्ते बुडालेत, दुसऱ्यात पोराच्या घरची वास्तुशांत आहे. सध्या तरी वास्तुशांत पुढे आहे, कारण त्या दिवशी म्हाताऱ्याला आग्रह करकरून थांबवून घेणारी पोराची बायकोच असते.