मेल पोचला, माणूस पोचला का?

बेंगळुरूत आमच्या अपार्टमेंटमध्ये कुणी नवीन राहायला आलं की त्याला न विचारता व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतात. तुमच्याकडेही असंच असेल. गुड मॉर्निंगच्या माऱ्याला कंटाळून अर्धे लोक ग्रुप म्यूट करतात. मग ‘उद्या कावेरीचं पाणी येणार नाही’ हा निरोप चुकतो आणि तेच विचारतात, ‘मला कुणी सांगितलं का नाही?’

निरोप कुणाला न विचारता पाठवायचा आणि कुणाला विचारून, हाच पेच सॉफ्टवेअरच्या जगातही आहे. माझी नोकरी त्याच जगातली, म्हणून तुम्हाला सांगते.

डेबियन नावाची एक मोफत प्रणाली आहे. १९९३ साली सुरू झाली. जगभरचे असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात. २०२३ साली आलेल्या तिच्या १२व्या आवृत्तीत ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस होती. पॅकेज म्हणजे एकेक तयार सॉफ्टवेअर. त्यात मराठी फॉन्टसुद्धा आले. ही पॅकेजेस सांभाळणाऱ्यांना मेन्टेनर म्हणतात. त्यातले बरेच जण नोकरी-संसार सांभाळून, पगाराशिवाय हे काम करतात.

पॅकेजमध्ये कुणी चूक दाखवली की तिचा ईमेल मेन्टेनरला आपोआप जातो. त्यासाठी त्याला नाव नोंदवावं लागत नाही. इतर कुणालाही त्या पॅकेजच्या बातम्या हव्या असतील तर त्याने स्वतः मागून घ्यायच्या, नको झाल्या की बंद करायच्या. मला हे पटतं. ज्याची जबाबदारी, त्याला न विचारता कळवा, बाकीच्यांना विचारून.

पण माणूस आजारी पडतो, नोकरी बदलतो, घरात बाळ येतं. मेल मात्र येतच राहतात. म्हणून गप्प झालेल्या मेन्टेनरची चौकशी करणारी वेगळी टीम डेबियनमध्ये आहे. उत्तर आलंच नाही, तर पॅकेज ‘अनाथ’ ठरवतात आणि नवा माणूस ते ‘दत्तक’ घेतो. हे शब्द माझे नाहीत, त्यांच्या नियमांतलेच आहेत!

अशी चौकशी का हवी? ‘एक्सझेड’ नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर अनेक वर्षं प्रामुख्याने एकच माणूस फुकट सांभाळत होता. त्याला मेल येत होते, पण ‘काम इतकं हळू का?’ असे टोचणारे. मदतीला एक अनोळखी आला, दोन वर्षांहून जास्त काळ काम करून त्याने विश्वास मिळवला आणि मग गुपचूप चोरदरवाजा बसवला. तो डेबियनच्या चाचणी आवृत्तीपर्यंत पोचला. मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी हे उघड केलं. नाहीतर जगभरच्या सर्व्हरना धोका होता.

म्हणजे निरोप आपोआप जायलाच हवा, पण तेवढ्याने भागत नाही. ज्याच्याकडे तो जातो, त्याची विचारपूस कुणीतरी करायला हवी.

आता तुमच्या घराकडे बघा. वीजबिल, विम्याचा हप्ता, गॅस, शाळेची फी, सगळ्यांचे मेसेज एकाच फोनवर येतात ना? घरातल्या त्या मेन्टेनरला आज विचारा, ‘यातलं एखादं काम मी घेऊ का?’ आणि जमेल तिथे दुसरा नंबरही नोंदवा.